कचऱ्याचा उजेड

नांदेड-नागपूर रस्त्यावर, हदगावच्या अलीकडं, एका हॉटेलात दुपारचा चहा घेत होतो. लाईट गेली, पंखा थांबला. कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. इतकी सवय.

एकजण म्हणाला, "पुण्याकडं म्हणे कचऱ्यापासून लाईट करायलेत."

दुसरा म्हणाला, "मग आपणच काहून मागं? माल तर आपल्याकडं ढीगभर आहे."

ढीगभर हे त्यानं अलंकारिक म्हटलं नव्हतं. हॉटेलामागं बोट दाखवलं होतं.

ढिगात काय होतं? कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, चहाचा चोथा, चटणीच्या पिशव्या, अर्धे वडे आणि ते वडे हुडकणारं एक डुक्कर. यातली उद्याची वीज कुठली आणि आजचं जेवण कुठलं, हे वेगळं कोण करणार?

डुक्कर करत होतं. एकटंच.

कल्पना मोठी देखणी आहे, हे कबूल. कचरा जातो, वीज येते. एका दगडात दोन पक्षी. दगड पुढं कुणाच्या डोक्यात पडतो, हा रकाना निविदेत नसतो.

आधी पुण्याकडचं बघू. पिंपरी-चिंचवडमध्ये मोशीला खरंच असा प्रकल्प आहे. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांनी उद्घाटन केलं. खर्च सुमारे ३०० कोटी, क्षमता १४ मेगावॉट, भूक वर्षाला अडीच लाख टन.

भूक हा शब्द परत वाचा. पुढं लागणार आहे.

अडीच लाखाला ३६५ नं भागा. दिवसाला सातशे टनांच्या आसपास येतात. आता हदगाव घ्या. पंचवीस-तीस हजार वस्ती. लहान गावात माणशी रोजचा कचरा साधारण ३०० ग्रॅम धरतात. म्हणजे अख्ख्या गावाचा मिळून आठ-नऊ टन. मोशीच्या भट्टीचा एका दिवसाचा डबा भरायला हदगावकरांना अडीच महिने कचरा साठवावा लागेल.

तोवर चहा कुठं प्यायचा?

बरं, हिमायतनगर, अर्धापूर, पैनगंगेपलीकडचं उमरखेड, सगळ्यांना हाताशी धरलं समजा. मग कचरा टेम्पोत भरून तीस-चाळीस किलोमीटर फिरवायचा. डिझेल जाळून केळीच्या साली वाहून आणायच्या आणि त्यांची वीज करायची. याला शाश्वत म्हणतात. शाश्वत काय, तर डिझेलचं बिल.

केळीच्या साली मुद्दाम म्हटलं. आपल्या कचऱ्यात निम्मा माल ओला असतो. शिळी भाजी, खरकटं, चोथा. वरून झाडलोटीची माती. हे पेटवल्यावर काय होतं, हे कुठल्याही खेड्यातल्या बाईला विचारा. ओलं सरपण चुलीत घालून तिचे डोळे चुरचुरले आहेत.

दिल्लीत बहुधा असं कुणाला विचारलं नसावं. १९८७ मध्ये तिमारपूरला डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाची भट्टी उभी राहिली. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज काढायची, असा बेत. भट्टी चालली २१ दिवस. दिल्लीच्या कचऱ्यात जळण्याइतकी ऊबच नव्हती.

२१ दिवस! आमच्याकडं खुडूक कोंबडी तेवढ्यात पिल्लं काढते.

पुण्यातही हडपसरच्या रामटेकडीला ७०० टनांचा प्रकल्प झाला. सातशेचा आकडा कागदावरच राहिला. कागद तेवढा कोरडा होता, तो जळाला नाही हे नशीब.

आणि ज्यांचं तंत्रज्ञान आणलं होतं, त्या डेन्मार्कचं काय? त्यांच्या राजधानीत अशाच भट्टीच्या छपरावरून लोक स्कीइंग करतात. अभ्यासदौऱ्यावरून परतलेली मंडळी त्या छपराचे फोटो हौसेनं दाखवतात. त्याच डेन्मार्कनं २०२० मध्ये ठरवलं की कचरा जाळण्याची क्षमता तीस टक्क्यांनी कमी करायची. भट्ट्या झाल्या दांडग्या, घरचा कचरा पुरेना, बाहेरदेशातून आणून जाळावा लागत होता. याचा फोटो कुणी काढून आणला नाही.

भट्टीचं असंच असतं. हत्ती दारात बांधणं सोपं, चारा रोज लागतो. वीस-पंचवीस वर्षांचा करार, त्यात रोज अमुक टन कचरा पुरवायची हमी. भिंतीवर 'कचरा कमी करा' रंगवणारी पालिका आणि 'कचरा कमी पडू देणार नाही' अशी सही करणारी पालिका एकच. दोन्हीचे शिक्केही एकाच ड्रॉवरमध्ये.

आता आवडीनिवडी. भट्टीला काय आवडतं? कोरडा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या. भंगारवाल्याला काय आवडतं? कोरडा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, चिंध्या.

नवरी एक, नवरदेव दोन.

फरक देण्याघेण्यात आहे. भंगारवाला कचऱ्याचे पैसे आपल्याला देतो. भट्टीवाला आपल्याकडून घेतो. त्याला टिपिंग फी म्हणतात, म्हणजे गाडी रिकामी करू दिल्याचे पैसे. मग त्याच कचऱ्याची वीज तो पुन्हा आपल्यालाच विकतो. भाव काय? केंद्रीय वीज नियामक आयोगानं २०१५ मध्ये कचऱ्याच्या विजेला युनिटमागं ७ रुपये ४ पैसे दर धरला. कचऱ्याच्या कांड्या करून जाळल्या तर ७ रुपये ९० पैसे. जानेवारी २०१६ मध्ये दुरुस्त झालेलं वीजदर धोरण म्हणतं, ही वीज वितरण कंपन्यांनी शंभर टक्के घेतलीच पाहिजे. त्यानंतर दीड वर्षाच्या आत राजस्थानात भडल्याला सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर आली.

मे महिन्यात हदगावला या. आमच्या उन्हाला टिपिंग फी लागत नाही.

भट्टीच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, हा प्रश्न निव्वळ विजेचा नाही, कचऱ्याच्या विल्हेवाटीचा आहे. बरोबर. मग विल्हेवाट कुणाची लागते तेही बघू.

कुठल्याही डेपोवर गोणी पाठीला लावून फिरणारी बाई बघा. हातात लोखंडी आकडा. पिशवी उचलते, कानाशी चुरगळते, आवाजावरून ठरवते. ही विकते, ही नाही. बाटली दाबते, झाकण वेगळं, बाटली वेगळी. झाकणाचा भाव वेगळा आहे, तो तिला ठाऊक आहे. एका पिशवीला तिला दोन सेकंद लागतात. प्रयोगशाळेत पाठवली तर आधी अर्ज भरावा लागेल.

हे काम म्हणजे गरिबी, आणि गरिबी हटवायची म्हणजे हे काम हटवायचं, असं सोपं गणित काही जण मांडतात. पुण्यातल्या कचरावेचकांनी दुसरं मांडून दाखवलं. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला. बायका घरोघर जातात, महिन्याचे पैसे घेतात, सुका माल वेगळा काढून विकतात. तो माल भट्टीत गेला तर त्यांच्या हातात काय उरणार?

ओला कचरा. आणि आभाराचं पत्र.

हरित ऊर्जा या शब्दाचीही गंमत आहे. भट्टीत जे झक्कास जळतं ते प्लास्टिक. प्लास्टिक येतं खनिज तेलापासून. म्हणजे आपण तेलच जाळतो, फक्त मध्ये एकदा त्याचं वेफर्सचं पाकीट करून घेतो. पाकीट हिरवं असलं की ऊर्जाही हिरवी.

धुराचं म्हणाल, तर नियम कडक आहेत. धूर ९५० अंशांवर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, नाहीतर डायॉक्सिनसारखी विषं बाहेर पडतात. भट्टी थंड पडली, ओला माल आला, तेल वाचवायचं ठरलं, की ते दोन सेकंद कोण मोजणार? चिमणीवर मीटर असतो. मीटरवर नजर ठेवणाऱ्याचं पद रिक्त असतं.

आणि राख. शंभर किलो जाळले तर वीस-पंचवीस किलो राख मागं उरतेच. चिमणीच्या गाळण्यांतली बारीक राख तर घातकच, तिची वेगळी सोय लावावी लागते. ती सोय कुठं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. नांदेडचा कचरा तुप्प्याला जातो, लातूरचा वरवंटीला. शहराचा कचरा कायम शेजारच्या गावी मुक्कामाला असतो. पाहुणा म्हणून जातो आणि सातबाऱ्यावर चढतो.

नारेगाव आठवतं? संभाजीनगरचा, तेव्हाच्या औरंगाबादचा, कचरा तीसेक वर्षं त्या गावानं सोसला. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकरी रस्त्यात बसले, गाड्या अडवल्या, आणि शहराला पहिल्यांदा कळलं की आपण कचरा करतो. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या वळवल्या, तिथं दगडफेक, जाळपोळ, लाठीमार. पोलिस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. कचऱ्याला मात्र रजा मिळाली नाही.

मग डेपोच बरा, असं म्हणायचं आहे का? अजिबात नाही. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धूर नासाच्या उपग्रहाला वरून दिसला. डेपोची आग हीसुद्धा कचऱ्यापासून ऊर्जाच. फक्त तिला मीटर नसतो.

खरी गोम मिसळण्यात आहे.

आमच्या तालुक्यात तामशाला बारालिंग देवस्थानात संक्रांतीच्या करीला भाजी-भाकरीची पंगत असते. भाकरी गावोगावहून येतात. भाजी एकच, सगळ्या भाज्या एकत्र करून मोठाल्या कढयांत शिजवलेली. हजारो माणसं मांडीला मांडी लावून जेवतात. यातलं वांगं कुणाच्या वावरातलं आणि मेथी कुणाची, कुणी विचारत नाही. म्हणूनच तिला चव.

आपण तोच नियम कचऱ्याला लावला. भाजी मिसळली तर प्रसाद होतो. कचरा मिसळला तर डेपो.

मी एका घंटागाडीला दोन कप्पे बघितले, हिरवा आणि निळा. गाव विचारू नका, तुमचंही असेल. घरातून ओला-सुका नीट वेगळा करून दिला होता. गाडीवरच्या पोरानं दोन्ही बादल्या हिरव्या कप्प्यात उलट्या केल्या. म्हटलं, अरे, निळ्यात काय आहे? म्हणाला, "माझा जेवणाचा डबा, काका."

त्याचंही खरंच. गाडीत डबा ठेवायला दुसरी स्वच्छ जागा होती कुठं? निळा कप्पा रंगवायला पैसे होते, पोराच्या डब्याला खुंटी ठोकायचं कुणाला सुचलं नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा तीन प्रकारांत वेगळा करायला सांगितलं होतं. आपण एकातच ठेवला. सरकारनं काय केलं? नव्या नियमांत चार प्रकार केले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. लागू कधीपासून? १ एप्रिल २०२६ पासून. तारखेवर हसू नका, आर्थिक वर्ष तेव्हाच सुरू होतं.

आता विनोद सोडा आणि हिशेब करा. ओला बाजूला काढला, त्याचं खत किंवा गॅस झाला. सुका भंगारात गेला. उरलं काय? फाटकी चप्पल, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या. एवढ्यासाठी ३०० कोटींची भट्टी? आणि वेगळं केलंच नाही, तर भट्टी तिमारपूर करते. म्हणजे कचरा वेगळा केला तर भट्टीची गरज संपते आणि नाही केला तर भट्टी संपते.

सिमेंटच्या भट्ट्या ती पाकिटं घेतात, पण त्यांनाही ती कोरडी लागतात. आपला कचरा कोरडा नसतो.

कचऱ्यापासून ऊर्जा ही आपल्याला नवलाईची गोष्ट नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. तेव्हा अभ्यासदौरे निघत नसत, त्यामुळं काम झालं.

पुढं १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस कार्यक्रम आला. मराठवाड्यातही अनुदानावर गोबरगॅसच्या टाक्या बसल्या. आज त्यातल्या कितीतरी टाक्या उलट्या पडल्यात, कुठं कोंबड्या बसतात, कुठं पावसाचं पाणी साचतं. का बंद पडल्या? शेण जेवढं, तेवढंच पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात प्यायलाच घागर मोजून. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तिथं शेण कालवायला कोण पाणी देणार? दुष्काळात जनावरं बाजारात गेली. लोखंडी टाकीला गंज चढला. तो काढायला मिस्त्री नव्हता, कारण अनुदान टाकीला होतं, मिस्त्रीला नव्हतं.

शाश्वतता मोजायला मोठाले अहवाल लागतात म्हणतात. मला एकच प्रश्न पुरेसा वाटतो. उद्घाटनानंतर तिसऱ्या वर्षी त्या यंत्राचा वॉशर कोण बदलतं? त्याचं नाव सांगता आलं, तर प्रकल्प चालू आहे समजा.

यंत्रांची वानवा नाही. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं शेणाऐवजी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं. दोनेक किलो पिठूळ खरकटं, तेवढ्यावर स्वयंपाकाचा गॅस. २००६ मध्ये त्याला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' केलं, कितीतरी नगरपालिकांनी ते बसवलं. अट एकच. त्यात प्लास्टिक, हाडं, नारळाची करवंटी घालू नका. अणुसंशोधन केंद्राचं यंत्र आपल्या करवंटीपुढं हात टेकतं.

आणि वेंगुर्ला. वस्ती बारा हजारांची, म्हणजे हदगावच्या निम्मीही नाही. मुख्याधिकारी रामदास कोकरे होते तेव्हा तिथं घरोघरचा कचरा वेगळा करायला लावला. ओल्याचा गॅस, पालापाचोळ्याच्या कांड्या, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. डेपोची बाग झाली. लोक सहली काढून डेपो बघायला जातात. भट्टी नाही, चिमणी नाही. त्यामुळं आमच्या दौरेवाल्यांना तिथं फोटो काढण्यासारखं काही सापडत नाही.

तिकडं कोकण आहे, पाऊस आहे, शिकलेली माणसं आहेत, असं म्हणणारे भेटतात. ओल्या-सुक्यातला फरक कळायला किती शिकावं लागतं? खळ्यावर दाणे आणि भूस वेगळं करणारी माणसं आपण.

भुसावरून आठवलं. हदगावात जळण्याजोगं काही असेलच, तर ते घंटागाडीत नाही, वावरात आहे. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, तूर झाली की तुराट्या, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, हळदीचा पाला. कोरडं, एकजात आणि कुणी त्यात डायपर न टाकलेलं. साखर कारखाने बगॅसवर वीज करतात ती याच कारणानं जमते. माल एकाच जातीचा, एकाच जागी, आणि बॉयलर दारातच.

पऱ्हाट्यांचं आपण काय करतो? काही चुलीत, उरलेल्या बांधावर. बांधावर रचलेली पऱ्हाटी म्हणजे गुलाबी बोंडअळीचं वसतिगृह, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. मग कंटाळून काडी लावतो. आणि धूर डोळ्यांत गेला की विजेच्या बिलाला शिव्या देतो.

पऱ्हाट्या, भुसकट दाबून त्याच्या कांड्या होतात. पांढरा कोळसा म्हणतात त्याला, कारखान्यांचे बॉयलर तो घेतात. पाचटापासून कोळसा करायची रीतही त्याच 'आरती'नं बसवली, तिला २००२ मध्ये अ‍ॅश्डेन मिळालं. यात अडचण एकच. शेतकऱ्याला पऱ्हाटीचे पैसे द्यावे लागतात. शहराच्या कचऱ्यात उलट पैसे मिळतात. भट्टी कुठं उभी राहते, हे कळायला एवढं पुरेसं आहे.

बायोगॅसचंही सरकारनं मनावर घेतलं होतं. २०१८ मध्ये 'सतत' नावाची योजना आली. २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्रकल्प, असं जाहीर झालं. आकडा त्याच्या जवळपाससुद्धा फिरकला नाही. नाव मात्र अचूक ठेवलंय. घोषणा सतत चालू आहेत.

हॉटेलातला पंखा अर्ध्या तासानं फिरला. लाईट आली. परळीची असेल नाहीतर चंद्रपूरची, कोळशाचीच. हॉटेलवाल्यानं टेबलावरचे कप गोळा केले, मागं नेऊन ढिगावर टाकले आणि खिशातून काडेपेटी काढली. ढीग ओला होता. चार काड्या लागल्या. डुक्कर थोडं बाजूला सरकलं.